सरीचा आडोसा

पुण्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर, मी काढलेला एक फोटो गेली काही वर्षं लावलेला आहे. शेवाळलेल्या काठीवर बसलेला तिबोटी खंड्या. डोक्यावर जांभळट-नारिंगी झाक, पाठ काळीनिळी, पोट पिवळंजर्द, चोच आणि पाय शेंदरी. चोचीत सापसुरळी आडवी धरलेली. मागे हिरव्या रंगाचा नुसता धूसर पडदा, आणि पाठीवर पाण्याचे चार थेंब, मोजता येतील इतके स्वच्छ. घरी येणारा पाहुणा चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर थांबतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "काय पोज दिलीय!"

ताई लगेच पुरवणी जोडते, "भर पावसात काढलाय हं. चिपळूणच्या बाजूला."

या दोन वाक्यांत दोन चुका आहेत आणि दोन्हींना मीच जबाबदार आहे. तो फोटो भर पावसात काढलेला नाही. आणि त्या पाखराने पोज दिलेली नाही.

आधी पावसाचं सांगतो.

तिबोटी कोकणात पावसाबरोबर येतो, हे पक्षी बघणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. का येतो, ते मला एका दरडीला बोट लावल्यावर कळलं. मे महिन्यात वाशिष्ठीच्या खोऱ्यातल्या कुठल्याही मातीच्या दरडीत नख खुपसून बघा. नख मोडेल, माती निघणार नाही. मृगाच्या चार सरी पडून गेल्या की तीच माती भिजवलेल्या शिळ्या भाकरीसारखी होते. वरून घट्ट, पण दाबलं की बोट आत जातं. तिबोटीला एवढंच हवं असतं. नर आणि मादी मिळून चोचीने ती दरड कोरतात, पायांनी माती मागे ढकलतात आणि कधी वीतभर, कधी हातभर, क्वचित मीटरभर लांबीचं बीळ तयार करतात. बिळाला आतल्या बाजूला किंचित चढ असतो, म्हणजे पाणी शिरलं तरी बाहेर वाहून जावं. शेवटी एक छोटी खोली, तिच्यात चार-पाच पांढरी अंडी. हे सगळं काम करणाऱ्या पाखराचं वजन १५ ते २० ग्रॅम. दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवली की साधारण तेवढं भरतं. बहुतेक खंड्यांना पायाला चार बोटं असतात, याला तीनच. म्हणून तिबोटी.

पाऊस त्याच्यासाठी माती मऊ करतो आणि त्याच पावसात पाचोळ्यातून बेडूक, कोळी, किडे, खेकड्यांची पिल्लं आणि सापसुरळ्या बाहेर निघतात. म्हणजे घर आणि धान्य दोन्ही एकाच वेळी. पावसाळा हा त्या पाखराचा अडचणीचा काळ नव्हे. त्याची सुगीच ती.

अडचण आमची असते. मोठी लेन्स घेऊन पावसात बसणाऱ्या माणसाची निम्मी अक्कल पाखरात आणि निम्मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंतलेली असते. लेन्सला रेनकोट, कॅमेऱ्याला रेनकोट, आपल्याला रेनकोट, वर छत्री. आणि एवढं करूनही पाणी नेमकं मानेवरून पाठीत उतरतं. लेन्सच्या तोंडावर एक थेंब बसला की समोरचं सगळं जंगल तळ्यात पडल्यासारखं होतं. रुमालाने पुसावं तर रुमाल ओला. बनियनच्या आतल्या बाजूचा एक कोरडा कोपरा शिल्लक असतो, तो जिवापाड जपायचा. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून चिपळुणात एसीच्या खोलीत उतरलो होतो. पहाटे थंडगार कॅमेरा घेऊन बाहेरच्या दमट हवेत आलो आणि भिंगावर अशी वाफ धरली की पाऊण तास मी नुसता धुकं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी खोली सोडली आणि पक्ष्याच्या गावातच, ओळखीतून मिळालेल्या एका घराच्या पडवीत मुक्काम हलवला. तिथे एसी सोडाच, भिंतींनाही घाम फुटलेला असायचा.

बसून बसून कंटाळा आला की मी गणितं करतो. पावसाचा चांगला मोठा थेंब, ५ मिलिमीटर व्यासाचा, सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. वजन एका ग्रॅमचा पंधरावा हिस्सा. पंधरा ग्रॅमच्या पाखराला तो लागतो, त्याच हिशोबाने माझ्या पासष्ट किलोंना लागायचा तर थेंब पाव किलोच्या वर भरायला हवा. पाव किलोचं वजनमाप डोक्यात बसतंय आणि लगेच दुसरं, तिसरं. असल्या माऱ्यात पाखरू काय करतं? आपण खांदे आवळून, मान खाली घालून बसतो. ते उलट ताठ होतं. अंग उभं, चोच वर, पिसं अंगासरशी चापून बसवलेली, म्हणजे थेंब आपटून फुटायच्या ऐवजी घसरून जावा. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिथलं तेल चोचीने पिसांना चोळलेलं असतं. पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे पाणी आत न मुरता वरच गोळा होऊन ओघळतं. मग एकदा अंग झाडायचं, की पाखरू कोरडं. माझा रेनकोट सात हजारांचा होता.

दुसरं गणित फोटोचं. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात तोच थेंब ९ सेंटिमीटर खाली येतो, म्हणून फोटोत त्याची रेघ उमटते. हजारावा हिस्सा धरला तर ९ मिलिमीटर. रेघ आखडते आणि पाऊस हवेत टांगलेल्या मण्यांसारखा दिसू लागतो. पण हजाराव्या हिश्शाला उजेड लागतो आणि पुनर्वसूच्या पावसात, फणसाखाली, दुपारी बारा वाजता दिवेलागणीचा अंधार असतो. आयएसओ ६४०० वर न्यावा तर फोटोवर रवा सांडल्यासारखी कणी येते. उरलंसुरलं ऑटोफोकस पूर्ण करतो. तो पाखराला सोडून मधल्याच एखाद्या सरीला पकडून बसतो. थोडक्यात, भर पावसात पाखराचा फोटो निघत नाही. निघतो तो पावसाचा.

म्हणून आम्ही सगळे काय करतो? उघडिपीची वाट बघतो. कोकणातला पाऊस कितीही लागून राहिला तरी मधे दहा-पंधरा मिनिटं दम खातो. ढग थोडा विरतो, पानं चकाकू लागतात, आणि रंगांना असा काही ओला उठाव येतो की जो उन्हातही नसतो. नेमक्या त्या वेळी शटर धडाधड वाजतात. पाठीवर चार थेंब असले की पुरे. फोटोखाली 'मुसळधार पावसात' असं लिहायला तेवढा पुरावा चालतो. एकदा मी माझे सगळे पावसाळी फोटो काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्यांतल्या एकाही फोटोत पाऊस नव्हता. पाऊस पडून गेल्याच्या खुणा होत्या. ताईच्या भिंतीवरचा फोटो असाच, एका उघडिपीतला.

आता पोजबद्दल. हे सांगायला थोडं जड जातं.

ज्या घरात मी उतरायचो, त्याची पडवी उतरणीच्या वरच्या अंगाला होती. समोर खळं, खाली तीन-चार भाताची खाचरं, त्यांच्या पायथ्याशी पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्यापलीकडे गावातल्या रस्त्यासाठी डोंगर खणला तेव्हा उभी राहिलेली मातीची दरड. त्या दरडीत तिबोटीचं बीळ. पहिल्या वर्षी मी बिळापासून पाच मीटरवर, हिरवट ठिपक्यांचं कापड पांघरून बसलो. ठिपक्यांचं कापड पांघरलं की आपण झाड झालो, अशी आमची एक समजूत असते. पाखरू बिळाशी थेट येई आणि सरळ आत शिरे. डोळ्यांसमोरून केशरी रंगाची एक ठिणगी गेल्यासारखं वाटायचं, बस. फोटो कुठला मिळायला! तेव्हा एका अनुभवी माणसाने शिकवलं होतं ते केलं. रानातून ऐनाची एक शेवाळलेली काठी आणली आणि बिळासमोर हातभर अंतरावर रोवली. मागे सावलीतली झाडी येईल, उजेड डावीकडून पडेल, असं सगळं बघून. मीही थोडा पुढे सरकलो.

आणि पाखरू त्या काठीवर बसू लागलं. सापसुरळी चोचीत धरून, मान इकडे तिकडे वळवत, छाती पुढे काढून. त्या सकाळी मी चौतीस फोटो काढले. चौतीसातला एक ताईच्या भिंतीवर आहे.

घरात एक आजी होत्या. माझे ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळत घालणं आणि त्यांना धुराचा वास लावून परत देणं, हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. पाखरात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा जीव खालच्या खाचराच्या बांधावर होता. लावणी आटोपली होती, पण बांधाला मुठ्यांनी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनी, भोकं पाडली होती. सकाळी, दुपारी, दिवे लागताना आजी पडवीच्या कडेला उभ्या राहून त्या बांधाकडे बघायच्या. तिबोटी खेकड्यांची पिल्लंही खातो, असं मी एकदा सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा दरडीच्या दिशेने आदराने पाहिलं. "खेकडं खातंय व्हय? मंग खाऊ दे बापडं," म्हणाल्या. एवढंच.

त्या पावसाळ्यानंतर माझ्या लेन्समध्ये बुरशी शिरली. कोकणातल्या दमट हवेतून आणलेली बॅग मी तशीच कपाटात टाकली होती. भिंगाला कोरडी हवा लागते. दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. दिव्यासमोर धरून पाहिलं तर आत पांढऱ्या धाग्यांचं जाळं, थंड प्रदेशात खिडकीच्या काचेवर हिमाची नक्षी धरते तसं. मुंबईच्या बोराबाजारातल्या एका कारागिराकडे लेन्स दिली. त्याने चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावलं आणि "हिला जरा जास्तच पावसाळा झालाय" असं निदान केलं. पुढच्या वर्षी ऐन जुलैत लेन्स त्याच्या टेबलावर सुटी होऊन पडलेली होती. मी मात्र सवयीने त्या गावी गेलो. फोटो काढायला नाही, तर नुसता. बरोबर जुनी दुर्बीण आणि एक वही. गेल्या गेल्या ताप आला, त्यामुळे खाली दरडीपर्यंत जाण्याचाही प्रश्न उरला नाही. घोंगडी पांघरून पडवीत बसलो.

पडवीतून दरड चाळीस-पन्नास मीटर. दुर्बिणीतून बीळ स्पष्ट दिसत होतं. काही उद्योग नव्हता म्हणून वहीत वेळा लिहू लागलो. पाखरू कुठून आलं, चोचीत काय, किती वेळ बसलं, आत कधी शिरलं, बाहेर कधी आलं. एका दिवसात दोन पानं भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पानं वाचत असताना एका रकान्यावर नजर अडली. 'बसलं' या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य होतं. कुठे पाच सेकंद, कुठे दहा. पाखरू येत होतं, शिरत होतं, जात होतं. मागच्या वर्षीची काठी पडून गेली होती, पण जवळच मुळ्या होत्या, फांद्या होत्या, बसायला जागा भरपूर होती. त्याला बसायचंच नव्हतं.

फोनमध्ये मागच्या वर्षीचे ते चौतीस फोटो होते. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कधी काढला ती वेळ सेकंदासह लिहिलेली असते. मी ती आजवर कधी बघितली नव्हती. पहिला फोटो नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांचा. शेवटचा नऊ सत्तेचाळीसचा. सहा मिनिटं. चौतीसच्या चौतीस फोटोंत सापसुरळी तीच.

सहा मिनिटं ते पाखरू चोचीत घास घेऊन, घरापासून हातभर अंतरावर बसून होतं. मान इकडे तिकडे वळवत होतं ते माझ्याकडे बघण्यासाठी. बिळात चार-पाच उघड्या चोची. ज्याला पाहुणे पोज म्हणतात, ती अडलेल्या माणसाची घालमेल होती. दाराशी कुणी अनोळखी उभा असला की आपण पिशव्या घेऊन जिन्यातच थबकतो, तशी. आणि तो दाराशी उभा असलेला अनोळखी मीच, वर हिरवट ठिपक्यांचं कापड पांघरून.

फोटो बघताना आपण पाखराचे डोळे बघतो. ते डोळे काय बघताहेत, हे कुणी विचारत नाही. आता कित्येक स्पर्धांमध्ये घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत, आणि त्याचं कारण मी पूर्वी कुणी तरी लिहिलेल्या नियमासारखं वाचलं होतं. पडवीत, तापाच्या कणकणीत, ते मला माझ्याच घड्याळाने समजावून सांगितलं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आता एकेका बिळासमोर दहा-दहा लेन्सा लागतात. त्यांच्या सहा मिनिटांची बेरीज कोण करतं?

त्या दिवसांत मला सारखा पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा किहीमचा पावसाळा आठवायचा. १९३० साली त्यांच्या हाताला काम नव्हतं. जर्मनीहून परतले तर संग्रहालयातली जागाच उरलेली नव्हती. म्हणून ते पत्नीसह अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती, आणि वेळच वेळ होता. तोवर लोक समजत होते की नर आणि मादी संसार थाटायला मिळून एक घरटं विणतात. सालिम अलींनी तो पावसाळा बघण्यात घालवला आणि १९३१ साली लिहिलं ते वेगळंच होतं. नर एकामागून एक घरटी विणायला घेतो, अर्धवट विणलेल्या घरट्यात माद्या येऊन तपासणी करतात, एखादीला पसंत पडलं तरच ते पुरं होतं, आणि ती आत अंड्यांवर बसली की नर पुढच्या घरट्याला लागतो. सुगरणीची घरटी काही लपून नसतात. विहिरीवर, माडावर, बाभळीवर उघडी लोंबत असतात. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी ती पाहिली होती. पण एकाच झाडाखाली अख्खा पावसाळा बसायला लागणारा रिकामा वेळ कुणापाशी नव्हता. बेकारीचा एवढा उपयोग फार थोड्यांना करता आला असेल. मला ताप येऊन आणि लेन्स मोडून दोन दिवस मिळाले, त्यात एका रकान्यापुरतं शहाणपण आलं.

तिसऱ्या वर्षी लेन्स बरी होऊन आली. डब्यात निळे सिलिका जेलचे खडे, ते गुलाबी पडले की तव्यावर तापवून पुन्हा निळे करायचे, असं सगळं पथ्य सांभाळत मी जुलैच्या अखेरीला गावात पोचलो. पुष्य लागलं होतं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, असं म्हणतात. पण यंदाचा म्हातारा भलताच खवळलेला होता. मी ठरवलं होतं की यावेळी काठी रोवायची नाही, पंधरा-वीस मीटरच्या आत जायचं नाही. पऱ्याच्या अलीकडच्या काठावर बसून येतं-जातं पाखरू मिळालं तर मिळालं.

पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, उघडीप आहे असं बघून, मी फक्त दगडावर उगवलेल्या तेरड्याचे फोटो काढायला पऱ्या ओलांडून पलीकडे गेलो, आणि वरून आभाळ फुटलं. सर आली, असं म्हणण्यासारखं ते नव्हतं. सर येताना दिसते, पलीकडच्या डोंगरावरून झाडं पुसत पुसत येते. हा पाऊस एकदम सगळीकडेच होता. दहा मिनिटांत पऱ्याचं पाणी लालभडक होऊन मघाच्या दगडांवरून उसळू लागलं. परत जायची वाट बंद. रस्त्याच्या वरच्या अंगाला चढायला जागा नाही. दरडीच्या एका कोपऱ्यात फणसाची मुळं छपरासारखी पुढे आलेली एक खोबण होती, तिच्यात मी पाठ टेकवून उभा राहिलो. पावसात दरडीखाली उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा होता. संध्याकाळी आजींनी त्याबद्दल जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हा इलाज नव्हता. तिबोटीचं बीळ माझ्यापासून जेमतेम तीन मीटरवर. जिथे जायचं नाही असं ठरवलं होतं, बरोबर तिथेच पावसाने मला आणून उभं केलं होतं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळं रान गप्प होतं, म्हणजे पावसाखेरीज कुणाचाच आवाज नव्हता. मग पाऊस कमी झाला नाही, पण एका तालात आला. आपल्याला जशी पंख्याच्या आवाजाची सवय होते तशी रानाला त्याची सवय झाली असावी. समोर तीन हातांपलीकडे पाण्याचा पडदा. आणि त्या पडद्यातून केशरी ठिणगी आली आणि बिळात शिरली.

मी दचकलो. हालचाल करायच्या आत ती बाहेर पडून गेलीही. थोड्या वेळाने पुन्हा आली. पुन्हा गेली. मी तीन मीटरवर उभा होतो, अंगात लाल रंगाचा रेनकोट होता, ठिपक्यांचं कापड वगैरे काही नव्हतं, आणि त्या पाखराने एकदाही थांबून माझ्याकडे पाहिलं नाही. माझा वास, माझा आकार, माझ्या श्वासाचा आवाज, सगळं पावसाने धुऊन नेलेलं होतं. इतकी वर्षं मी कापडं पांघरून जे होण्याचा प्रयत्न करत होतो, ते पावसाने मला एका झटक्यात करून टाकलं. नाहीसा.

एक आडोसा मिळावा म्हणून धडपडलो होतो, तो असा मिळाला. आणि मिळाला तोच फोटो काढता येऊ नये अशा बेताने मिळाला. जो पडदा मला त्याच्यापासून लपवत होता, तोच त्याला माझ्यापासून लपवत होता. यात पावसाने काही अन्याय केला असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. सौदा चोख होता.

पाच खेपा मी नुसत्या पाहिल्या. सहाव्याला राहवलं नाही. कॅमेरा प्लॅस्टिकमधून अर्धा बाहेर काढला, बिळाकडे नव्हे, तर ज्या दिशेने पाखरू यायचं तिकडे, बाहेरच्या खाचरांकडे रोखला. उजेड इतका कमी की कॅमेऱ्याने सेकंदाचा साठावा हिस्सा मागितला. हात थरथरत होते. ठिणगी आली, मी बटण दाबलं, एकदाच. लेन्सवर पाणी सांडलं आणि मी कॅमेरा पोटाशी घेतला.

पावसाचा जोर दिवेलागणीला ओसरला. पऱ्या गुडघ्यापर्यंत उतरल्यावर घरातला मुलगा कंदील आणि दोरी घेऊन आला. त्याच रात्री खालच्या खाचराचा बांध फुटला. मुठ्यांनी पाडलेल्या भोकांतून पाणी शिरलं आणि हातभर रुंदीचा तुकडा माती-तरव्यासकट पऱ्यात गेला. सकाळी सगळं घर चिखलात उतरून दगड रचत होतं. मीही उतरलो. दरड शाबूत होती. दोन माणसं बिळासमोरून दगड वाहत होती म्हणून पाखरू वरच्या फांदीवर चोचीत काही तरी धरून बसलेलं दिसलं. घरातला मुलगा म्हणाला, "काका, बघा कसं मस्त बसलंय, काढा की फोटू." कॅमेरा पडवीत होता. मी दगड उचलून बाजूला झालो आणि त्यालाही हाताला धरून बाजूला घेतलं.

तो एकमेव फोटो मी छापून घेतला. तिरक्या राखाडी रेघांनी भरलेला, मागे हिरव्या-तपकिरी रंगांचे पट्टे, आणि मधोमध, नीट बघितलं तर, काडेपेटीची काडी अंधारात ओढल्यासारखा केशरी ओरखडा. ताईला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला, मग उलटा करून पाहिला. "यात पक्षी कुठाय?" म्हणाली. सहा मिनिटांची हकीकतही तिला सांगून झाली आहे. ऐकून तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण भिंतीवरचा फोटो तिने काढलेला नाही. "चांगला आलाय ना पण," म्हणते. तो चांगला आलाय यात वादच नाही. मलाही अजून तो आवडतो, आणि आवडतो याची लाजही वाटते. आवड आणि लाज, दोन्ही एकाच भिंतीवर राहतात.

दिवाळीनंतर भाताची कापणी झाली तेव्हा गावी गेलो होतो. रेघांचा फोटो बरोबर नेला. आजी खळ्यात उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी फोटोच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका तपकिरी पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ह्यो आमचा बांध. फुटायच्या आधीचा."

मी वाकून पाहिलं. मला तो पट्टा आजवर दिसलाच नव्हता. रेघांच्या मागे, अर्धवट पुसलेला, पण सलग.

"आणि ह्ये तांबडं काय?"

"ते पाखरू, आजी. घास घेऊन येत होतं."

"खेकडा?"

"असेल. कळत नाही."

त्यांनी आणखी एकदा फोटो उन्हाकडे धरून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"मंग? गेलं काय आत?"

"गेलं," मी म्हणालो.

"बरं झालं," म्हणाल्या, आणि सूप पुढे ओढून भात पाखडू लागल्या.